पेपर मिलचा गाळ, प्लास्टिक आणि राख: शेतात टाकण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वाळवा तालुक्यात आमची रद्दीपासून क्राफ्ट पेपर बनवणारी मिल आहे, रोज ४० टनांची. ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेचा, ओला गाळ रोज दोन ट्रॉल्या निघतो. पल्परमधून, म्हणजे रद्दी पाण्यात घुसळून लगदा करायच्या टाकीतून, प्लास्टिक निघतं, बॉयलरची राख आहेच. मागची जागा भरत आली. शेजारचे शेतकरी म्हणतात, गाळ आमच्या उसात टाका. एक वीटभट्टीवालाही गाळ मागतोय, आणि प्लास्टिक न्यायला एक गुऱ्हाळवाला तयार आहे. कुणाला काय द्यावं?"

गुऱ्हाळवाल्याला आजच नाही म्हणून सांगा. शेतकरी आणि वीटभट्टीवाला यांचं सावकाश बोलू, पण प्लास्टिकचं उत्तर आजच्या आज द्यायचं आहे. पल्परमधून निघतं ते नुसतं पॉलिथिन नसतं. खोक्यांची चिकटपट्टी, लॅमिनेशनचे पापुद्रे, थर्माकोल आणि अधूनमधून पीव्हीसीचे तुकडे, सगळं एकत्र असतं. पीव्हीसीत वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. गुऱ्हाळाच्या चुलवाणात, म्हणजे मोठ्या चुलीत, आच कधी वर, कधी खाली. अशा अर्धवट जळण्यातूनच डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात आणि आजूबाजूच्या वस्तीत, वैरणीवर, रस उकळायच्या उघड्या काहिलीवर बसतात. तिथे राबणारी बाई आणि तिचं पोर दिवसभर तोच धूर ओढतात. फुकट जळण म्हणून मागणाऱ्याला हे माहीत नसतं. आपल्याला माहीत आहे, म्हणून जबाबदारी आपली. रात्रपाळीत स्वतःच्या बॉयलरमध्ये ढकलण्याचा विचार कुणी सुचवला तर त्यालाही हेच उत्तर. वर बॉयलरच्या ट्यूबा क्लोरीन खाऊन टाकतं, ते वेगळंच.

मी २६ वर्षं या धंद्यात आहे. सुरुवात शिफ्ट केमिस्ट म्हणून झाली, नंतर ईटीपी सांभाळली, आणि आता कराडपासून मिरजेपर्यंतच्या लहान मिलना गाळ आणि पाण्याबद्दल सल्ला देते. या वर्षांत ज्या ज्या मिलमध्ये "गाळाचं काय करायचं" हा प्रश्न अडला होता, तिथे जवळजवळ प्रत्येक वेळी अडचण गाळाला गिऱ्हाईक नसण्याची नव्हती. चार वेगवेगळ्या वस्तू एकाच खड्ड्यात पडत होत्या, त्यामुळे त्यातली एकही वस्तू कुणाच्या कामाची राहिली नव्हती. तुम्ही "गाळ" असा एकच शब्द लिहिलाय, त्यावरून तुमच्याकडेही तेच चाललं असणार असं वाटतं.

आधी घरातल्या घरात एक काम करा. ड्राइंग बेडवरचा, म्हणजे गाळ वाळवायच्या वाफ्यावरचा, मूठभर गाळ घ्या, बादलीभर स्वच्छ पाण्यात सोडा आणि हाताने ढवळा. वर तरंगतील ते प्लास्टिकचे कण आणि थर्माकोल. मधे ढगासारखा लोंबेल तो तंतू. तळाशी बोटाला खर लागेल ती वाळू आणि स्टेपलच्या पिना. आणि पाण्याला जी काळपट, बुळबुळीत सायीसारखी झाक येईल, वास येईल, तो एअरेशनकडचा, म्हणजे हवा सोडून जिवाणूंकडून पाणी साफ करवतात त्या टाकीकडचा, जिवाणूंचा गाळ. चारही एका मुठीत. वीटवाल्याला त्यातला तंतू चालतो, पिना चालत नाहीत. पुठ्ठेवाल्याला तंतू हवा, पण जिवाणूंचा गाळ आला की माल दोन दिवसांत घाण वास मारतो. शेतकऱ्याला जिवाणूंचा गाळ उपयोगी, पण प्लास्टिकचे कण त्याच्या रानात एकदा गेले की नातवाच्या काळापर्यंत निघत नाहीत.

म्हणून पहिली दुरुस्ती पाइपांची. सेंट्रिक्लीनर हे लगदा गरगरवून जड कचरा वेगळा करणारं यंत्र. त्याचा रिजेक्ट, म्हणजे टाकाऊ माल, आज गटारात सोडत असाल तर तो बंद करून लहान चौकोनी टाकीत वेगळा घ्या. त्यातली वाळू-पिना खाली बसते, ती वेगळी काढता येते. स्क्रीनचा, म्हणजे चाळणीचा, रिजेक्ट प्लास्टिकच्या बाजूला. प्रायमरी क्लॅरिफायरचा (सांडपाणी पहिल्यांदा निवळतं त्या टाकीचा, मुख्यतः तंतूचा) गाळ एका बेडवर आणि सेकंडरीचा (एअरेशननंतरच्या टाकीचा, जिवाणूंचा) वेगळ्या बेडवर. लहान मिलमध्ये हे काम मोठ्या खर्चाचं नाही. दोन व्हॉल्व्ह, थोडी पाइप आणि वेल्डरची दोन-तीन दिवसांची मजुरी. खरी अडचण माणसांची असते, कारण रात्रपाळीतल्या ऑपरेटरला एकच व्हॉल्व्ह उघडायची सवय असते. त्याच्याशी बसून बोला, कारण सांगा. नुसता बोर्ड लावून काम होत नाही.

आता प्रायमरीच्या गाळात किती पैसा वाहून जातोय ते बघा. गाळ १०५ अंशांवर पूर्ण वाळवा, वजन करा, मग मूषेत (उष्णता सोसणाऱ्या लहान भांड्यात) घालून ५२५ अंशांवर जाळा आणि उरलेली राख मोजा. तापमान ९०० वर नेऊ नका, कारण तिथे कागदातल्या भरावाचा चुनखडी भाग फुटून वायू सोडतो, राख कमी भरते आणि हिशोब चुकतो. उरलेली पांढरी राख चिमटीत धरून बघा. खरखरीत लागली तर वाळू, साबणासारखी सरकली तर चिनी माती, आणि पातळ आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसली तर चुनखडी. ही तपासणी मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात एका वयस्कर लॅब असिस्टंटनी शिकवली. महागडी यंत्रं आली तरी मी आजही ती करते.

तुमच्या दोन ट्रॉल्या म्हणजे धरून चाला सहा टन ओला गाळ, आणि त्यात कोरा माल, म्हणजे पाणी काढून उरणारा, एक टन. त्या एका टनात ९०० किलो प्रायमरीचा आणि १०० किलो सेकंडरीचा समजू. प्रायमरीची राख ४० टक्के निघाली तर ५४० किलो तंतू रोज गटारातून जातोय. वर्षाला ३३० दिवस मिल चालली तर १७८ टन. याला तुमच्या रद्दीच्या खरेदी दराने गुणा. तो आकडा मालकांपुढे ठेवला की सेव्हऑलची (पाण्यातला तंतू पकडून परत देणाऱ्या यंत्राची) दुरुस्ती, जी दोन वर्षं लांबलेली असते, ती आठवड्यात मंजूर होते, हा माझा अनुभव आहे. सगळा तंतू परत घेता येत नाही हेही सांगते. बराचसा अगदी आखूड, भुकटीसारखा असतो. तो जास्त परत घातला की वायरवर (जिच्यावर कागद बनतो त्या जाळीवर) पाणी निथळत नाही, मशीनचा वेग पडतो आणि कागदाची ताकद उतरते. पण वायर पिटमधून, म्हणजे जाळीखालच्या टाकीतून, उसळून गटारात जाणारा चांगला लांब तंतू, चेस्ट (लगद्याची टाकी) भरून सांडणारा पल्प, मशीनवर कागद तुटला की जमिनीवर धुतला जाणारा कागद, हे सगळं थांबवता येतं. जो गाळ झालाच नाही त्याची विल्हेवाट लावावी लागत नाही.

दुसरं पाणी. सहा टनांत एक टन माल, म्हणजे तुम्ही रोज पाच टन पाणी डिझेल जाळून ट्रॉलीतून फिरवताय. कुणीतरी तुम्हाला "गाळ बगॅसबरोबर (उसाच्या चिपाडाबरोबर) बॉयलरमध्ये टाका" असंही सांगेल, तर हिशोब करून बघा. एक किलो ओल्या गाळात ८३० ग्रॅम पाणी. ते तापवून वाफ करायला साधारण ५०० किलोकॅलरी लागतात. त्यातला जळणारा भाग १०० ग्रॅमच्या आसपास, तो देणार ४०० किलोकॅलरी. म्हणजे गाळ बॉयलरला काही देत नाही, उलट बगॅसचीच उष्णता खातो. हाच गाळ स्क्रू प्रेसमधून काढून ४० टक्के कोरडा केला तर सहा टनांचे अडीच टन होतात, दोन ट्रॉल्यांची एकही नीट भरत नाही, आणि खत असो, वीट असो की पुठ्ठा, तिन्हींसाठी तो हाताळण्यासारखा होतो. प्रायमरीचा तंतुमय गाळ प्रेसमध्ये छान पिळला जातो. नुसता सेकंडरीचा घातला तर जाळीतून शेंबडासारखा बाहेर येतो, तो थोड्या प्रमाणात प्रायमरीत मिसळूनच पिळावा लागतो. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे झाले तर मी ते प्रेसवर घालीन.

वेगळा ठेवलेला, पिना-प्लास्टिक नसलेला प्रायमरीचा गाळ सगळ्यात सोप्या मार्गाने जातो तो पुठ्ठेवाल्यांकडे. जाड करडा मिलबोर्ड, अंड्यांचे ट्रे, वह्यांच्या आणि चपलांच्या आतल्या पुठ्ठ्याला तो चालतो. आपल्या भागात विटा-खानापूरकडे पोल्ट्री आहे, अंड्यांच्या ट्रेला मागणी आहे. तासगावच्या बेदाण्याला आणि द्राक्षाला खोकी लागतात, ती तुमच्यासारख्यांच्या क्राफ्टपासूनच बनतात. पण अन्नाला थेट चिकटणाऱ्या कुठल्याही वस्तूसाठी हा गाळ देऊ नका, गिऱ्हाईक कितीही आग्रह करो.

आता शेतकऱ्यांचं, आणि इथे मला माझी चूक सांगायलाच हवी. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मिलशेजारच्या एका शेतकऱ्याला मीच सांगितलं होतं की गाळ सेंद्रिय आहे, टाका. त्यांनी २० गुंठ्यांत लागणीआधी जाड थर दिला. ऊस उगवला आणि महिन्या-दीड महिन्यात पानं लिंबासारखी पिवळी पडली. बांधाच्या अलीकडचा हिरवागार, पलीकडचा पिवळा, रेघ मारल्यासारखा फरक. काका मला रानात घेऊन गेले, एक शब्द बोलले नाहीत, फक्त एक पान तोडून माझ्या हातात दिलं. ते पान मी बरीच वर्षं वहीत ठेवलं होतं.

काय झालं होतं? प्रायमरीच्या गाळात कर्ब भरपूर आणि नत्र जवळजवळ नाही. कर्ब-नत्र गुणोत्तर शंभराच्या घरात, कधी त्याहूनही वर. असा माल जमिनीत गेला की तो कुजवणाऱ्या जिवाणूंची संख्या वाढते, आणि त्यांना स्वतःचं अंग बनवायला नत्र लागतो. गाळात तो नसल्यामुळे ते जमिनीतला उचलतात. पिकाच्या मुळांना काही उरत नाही. विष वगैरे काही नव्हतं, उसाची उपासमार होत होती. युरियाचे जादा हप्ते देऊन ते पीक आम्ही कसंबसं सावरलं, खर्च मी मिलकडून मिळवून दिला, पण त्या वर्षीचा उतारा गेला तो गेला. म्हणून कच्चा गाळ थेट शेतात नको, शेतकरी ट्रॉली घेऊन दारात उभा राहिला तरी नको. कुजवून, खत करून द्या.

खत करताना एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. एअरेशन टँकच्या जिवाणूंना आपण युरिया आणि डीएपी घालतो, बीओडीच्या (सांडपाण्यातल्या कुजणाऱ्या घाणीचं माप) १०० भागांना ५ नत्र आणि १ स्फुरद या हिशोबाने. ते विकत घेतलेलं नत्र-स्फुरद कुठे जातं? जिवाणूंच्या अंगात बसून सेकंडरीच्या गाळात येतं. म्हणजे प्रायमरीला जे कमी आहे ते सेकंडरीत आहे, आणि दोन्ही वेगळे ठेवले असतील तरच ते मोजून मिसळता येतात. उदाहरणासाठी धरू: प्रायमरीत कर्ब ३० टक्के, नत्र ०.३ टक्के. सेकंडरीत कर्ब ४० टक्के, नत्र ५ टक्के. तुमचा रोजचा ९०० किलो आणि १०० किलो कोरा माल एकत्र केला तर कर्ब ३१० किलो आणि नत्र ७.७ किलो, म्हणजे गुणोत्तर ४० च्या आसपास. त्यात १५० किलो कोरडं कोंबडखत घातलं, नत्र ३ टक्के आणि कर्ब ३० टक्के असलेलं, की गुणोत्तर २९ वर येतं. ढीग तापायला २५ ते ३० हवं, ते जमलं. तुमचे आकडे तपासणीतून येतील, पद्धत हीच.

ओलावा ५० ते ६० टक्के ठेवा. मूठ आवळल्यावर बोटांत ओल दिसावी, थेंब पडू नये. पिळलेला गाळ असेल तर हे सहज साधतं. ओलाच वापरला तर ढीग दबतो, आत हवा जात नाही आणि सडका वास सुटतो. पोकळीसाठी उसाचं पाचट कुट्टी करून थोडं घाला, पण त्यातही कर्बच आहे हे हिशोबात धरा. ढिगाची उंची छातीपर्यंत, त्यापेक्षा जास्त नको. तीन-चार दिवसांत आतलं तापमान ५५ अंशांच्या वर गेलं पाहिजे. लोखंडी सळई ढिगात खुपसून पाच मिनिटांनी काढा, हाताला चटका बसला तर ढीग जिवंत आहे. तापमान उतरू लागलं की पलटी द्या. साधारण दोन-अडीच महिन्यांत माल काळा-तपकिरी होतो, पावसाळ्यातल्या रानासारखा वास येतो आणि कागदाचा पापुद्रा कुठे दिसत नाही. घाईने विकू नका. अर्धकच्चं खत म्हणजे पुन्हा तीच पिवळी पानं.

बाहेर देण्याआधी तपासणी करून घ्या. खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये शहरी कंपोस्टला जी मर्यादा आहे ती माझ्या दृष्टीने किमान शिस्त आहे: गुणोत्तर २० च्या आत, क्षारता म्हणजे ईसी ४ च्या आत, किलोमागे शिसं १००, क्रोमियम ५० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमच्या आत. रद्दीत छापील कागद असतो, शाई असते, म्हणून धातूंची तपासणी टाळू नका. तुम्ही क्राफ्ट करता, ब्लीचिंग करत नाही, ही जमेची बाजू. पांढऱ्या कागदाच्या मिलमध्ये क्लोरीनने ब्लीचिंग होत असेल तर त्या प्रक्रियेच्या गाळात क्लोरीनयुक्त सेंद्रिय पदार्थ येतात, आणि असा गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत मोडतो. तो शेतात, भट्टीत, कुठेही द्यायचा नसतो.

क्षाराचं थोडं जास्त सांगते, कारण आपला भागच तसा आहे. वाळवा, पलूस, मिरज इथे कृष्णाकाठची काळी भारी जमीन, वर्षानुवर्षं मोकाट पाणी दिलेली, हजारो एकर क्षारपड झालेली तुम्ही रोज बघता. अशा रानात ईटीपीचं पाणी फुकट मिळतंय म्हणून सोडणं म्हणजे जखमेवर मीठ. जमिनीवर सोडायच्या पाण्याला बीओडी लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, नदी-ओढ्याला मात्र ३०. बरेच लोक तेवढाच आकडा बघतात. काळ्या मातीला खरं मारतो तो सोडियम. चिकणमातीचे कण सुटे होतात, जमीन चिकट होते, पाणी मुरत नाही, वर पांढरा थर दिसतो. कॉस्टिक सोडा वापरणाऱ्या मिलच्या पाण्यात हा धोका मोठा, तुमच्याकडे कमी, पण बॅकवॉटर (मशीनवर कागदातून निथळलेलं पाणी) फिरवून फिरवून क्षार साठतातच. म्हणून पाण्याची ईसी आणि सोडियमचं प्रमाण तपासल्याशिवाय एक तासही मोटार चालू करू नका. कसबे डिग्रजला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, क्षारपड जमिनीचं काम त्यांनी जवळून बघितलंय. शेजारच्या शेतकऱ्याला घेऊन जा, मातीचा नमुना घेऊन जा. स्वच्छ झालेलं पाणी आधी पल्परला आणि नीट गाळून मशीनच्या शॉवरला परत वापरणं, हा माझ्या मते शेतापेक्षा बरा मार्ग आहे. पण सगळंच पाणी फिरवत ठेवून बाहेरचा निचरा पूर्ण बंदही करू नका, कारण मग पाण्यात आम्लं साठतात, वास येतो, कागदावर शेवाळी डाग उमटतात.

वीटभट्टीवाल्याला प्रायमरीचा गाळ द्यायला हरकत नाही, पण मोजून. तंतू मातीत मिसळला की वीट थापताना धरून राहते, भाजताना तो आतून जळतो, थोडं जळण वाचतं आणि वीट हलकी होते. पण जिथे तंतू जळला तिथे पोकळी राहते. प्रमाण वाढलं की वीट पाणी पिते आणि ताकद घटते. कोऱ्या वजनाच्या ५ टक्क्यांपासून सुरुवात करा. तीन किलोच्या विटेला दीडशे ग्रॅम, म्हणजे तुमचा रोजचा ९०० किलो माल सहा हजार विटांत जिरतो. आधी पन्नास विटा थापून, कोपऱ्यावर खूण करून, नेहमीच्या भट्टीत नेहमीच्या थरात लावा. मग त्या आणि साध्या विटा दोन्ही तपासा. भारतीय मानकात सगळ्यात खालच्या वर्गाच्या विटेलाही दर चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन ताकद हवी आणि पाणी शोषण २० टक्क्यांच्या आत. सांगलीचं वालचंद आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, दोन्हीकडे स्थापत्य विभाग आहे, तिथे चौकशी करा. भट्ट्या दिवाळीनंतर लागतात आणि पावसाआधी थांबतात, त्यामुळे चार-पाच महिने हा रस्ता बंद असतो हे लक्षात ठेवून इतर सोय करा. प्लास्टिक असलेला गाळ भट्टीत गेला तर गुऱ्हाळाचंच दुखणं तिथे सुरू होतं.

राखेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बगॅसची राख वेगळी आणि कोळशाची वेगळी ठेवा, वर पाणी मारून ताडपत्री टाका. बगॅसच्या राखेत पालाश असतो, खताच्या ढिगात थोडी चालते. पण ती अल्कधर्मी आहे, आपली माती आधीच तशी, म्हणून हात आखडता. कोळशाची राख विटांना द्या.

प्लास्टिकचा मार्ग मात्र मेहनतीचा आहे. आधी तारा काढा. गठ्ठ्यांची तार पल्परमध्ये जाण्याआधीच तोडून बाजूला केली तर ती स्वच्छ भंगार म्हणून विकली जाते, नंतर प्लास्टिकच्या दोरखंडात गुरफटली की कुणी घेत नाही. उरलेला ओला रिजेक्ट धुण्याच्या ड्रममधून काढला की त्याला चिकटलेला तंतू परत मिळतो आणि प्लास्टिक मोकळं होतं. मऊ पॉलिथिन वेगळं काढून वाळवलं तर वितळवून प्लास्टिकचा दाणा करणारे घेतात. ज्याचं काहीच होत नाही तो मिश्र भाग सिमेंटच्या भट्टीकडे जायला हवा. तिथे क्लिंकर (दळून ज्याचं सिमेंट होतं ते भाजलेले खडे) १,४५० अंशांच्या आसपास तयार होतं, चुना आम्लवायू शोषतो, राखही क्लिंकरमध्येच बसते, मागे काही उरत नाही. आपल्याला जवळच्या क्लिंकर भट्ट्या कर्नाटकात बागलकोट, कलबुर्गीकडे आहेत. एकट्या मिलला तेवढा ट्रक परवडत नाही. तालुक्यातल्या तीन-चार मिलनी एकत्र येऊन, वाळवून, गठ्ठे बांधून महिन्याला एक फेरी केली तर जमतं. डांबरात प्लास्टिक मिसळून करायच्या रस्त्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. मदुराईचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी ती पद्धत विकसित केली, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि इंडियन रोड्स काँग्रेसची २०१३ ची मार्गदर्शिकाही आहे. पण त्यासाठी प्लास्टिक स्वच्छ, कोरडं, बारीक कातरलेलं आणि पीव्हीसी नसलेलं लागतं. पल्परचा रिजेक्ट धुऊन निवडल्याशिवाय त्यात बसत नाही.

हे निवडतं कोण? बायका, उकिडव्या बसून, उघड्या हातांनी. रद्दीत पिना असतात, काचा असतात, दवाखान्यातल्या सुयाही मी स्वतः पाहिल्यात. त्यांना कमरेइतक्या उंचीचं टेबल द्या, सुई आरपार न जाणारे हातमोजे द्या, धनुर्वाताचं इंजेक्शन द्या, साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडावा लागणार नाही अशी नळाची सोय जवळ करा. गाळाचा प्रकल्प आखताना खर्चाच्या कागदावर पहिली ओळ ही असावी असा माझा आग्रह असतो.

आणि टाक्या. बंद पडलेल्या पल्प चेस्टमध्ये, बॅकवॉटरच्या टाकीत, गाळाच्या खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड साठतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक मरतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं वायू गेला. एका मिलमध्ये माझ्या डोळ्यांदेखत ऑपरेटर शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसल्यासारखा झाला आणि मान टाकली. पट्ट्याला दोर बांधलेला होता म्हणून वरच्या दोघांनी ओढून काढला. दोर नसता तर ते दोघेही मागोमाग उतरले असते, आणि बहुतेक ठिकाणी एकाऐवजी तीन माणसं जातात ती अशीच. ब्लोअर, वायू मोजायचा मीटर, पट्टा-दोर आणि वर उभा माणूस, यातलं एकही नसेल तर टाकी साफ करू नका. गाळ चार दिवस जास्त राहिला तर काही बिघडत नाही.

कागदपत्रांत एवढं करा: जे काही बाहेर देणार ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कन्सेंटमध्ये, म्हणजे परवानगीपत्रात, लिहिलेलं असावं. नसेल तर सांगलीच्या उपप्रादेशिक कार्यालयात तपासणी अहवालासकट अर्ज करून दुरुस्ती करून घ्या. घेणाऱ्याशी लेखी करार, प्रत्येक ट्रॉलीचं वजन, तारीख, कुठे उतरवली. कृष्णेत मासे तरंगले की बोट काठावरच्या प्रत्येक कारखान्याकडे जातं, आणि तेव्हा वही दाखवता आली पाहिजे.

तुमची मागची जागा भरत आली म्हणता, ती ओढ्याकडे उतरती आहे का ते लिहिलं नाही. २००५, २०१९ आणि २०२१, तीन महापूर आपण पाहिले. सांगलीला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. गाळाचा ढीग त्या पाण्याच्या रेषेखाली असेल तर सगळ्यात आधी तो उंचावर हलवा, खाली काँक्रीट, भोवती फूटभर कट्टा, वर पत्रा, आणि झिरपलेलं पाणी परत ईटीपीत. हे काम जूनच्या आत झालं पाहिजे, खत आणि विटा नंतर.

शेजारच्या शेतकऱ्यांना सध्या थांबा म्हणा, पण नुसतं थांबा म्हणू नका. पहिलं खत तयार झालं की मिलच्या कुंपणालगत दोन गुंठे घ्या, एकात तुमचं खत, एकात त्यांचं नेहमीचं शेणखत, ऊस आणि पाणी सारखंच. दर पंधरा दिवसांनी त्यांनाच बोलवा आणि पानांचा रंग त्यांनाच बघू द्या. नमुन्यांचे अहवाल आले की आकडे मला कळवा, ढिगाचं प्रमाण आपण त्यावरून बसवू.